उताऱ्याला वाट नाही

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजा. पण हे आमच्याच घरात घडलंय. माझा चुलतभाऊ व्यंकट याच्यासोबत. तीन वर्षांपूर्वी, पौषातल्या अमावस्येला, लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या तिकटीवर.

ही तिकटी म्हणजे डोक्याला ताप होता. उसाचे ट्रॅक्टर, एसटी, टिप्पर, सगळं तासन्‌तास अडकून पडायचं. शेवटी सरकारला जाग आली. जुना अरुंद पूल पाडला, तिन्ही रस्ते उकरले आणि मुरूम टाकून गाड्यांना गोल फिरवणारा कच्चा रस्ता काढला.

त्याच दिवसांत व्यंकटची पोर तनुजा तापानं फणफणली. दवाखाना झाला, सुया झाल्या. ताप हटेना.

व्यंकटची आई, आमच्या नागाबाईकाकू, यांनी नातीवरून दहीभात आणि लिंबू उतरवलं. पत्रावळ लेकाच्या हातात दिली.

"तिकटीवर ठेव. कोणाला बोलू नको. मागं बघू नको. बघितलास तर पोरीचं पुन्हा पोरीकडंच येतंय."

दिवेलागणीला व्यंकट मोटारसायकलवर गेला. तिकटी उरली होती कुठं? त्यानं त्या गोलाच्या मधोमध पत्रावळ ठेवली आणि किक मारली.

इथंच चुकलं.

तिकटीला तीन वाटा असतात. उताऱ्यातलं जे काही असतं, ते त्यातली एक धरून निघून जातं. इथं तिन्ही वाटा पत्रे ठोकून बंद. गाड्यांना बाहेर पडायला तेवढी एक फट.

व्यंकट बाणाच्या पाटीप्रमाणे वळला... आणि पुन्हा पत्रावळीपाशी आला.

परत वळला... परत पत्रावळ. भात निम्मा झालेला.

हॉर्न नाही. कुत्रं नाही. मघाशी घरघरणारं पोकलेनही गप्प.

आणखी एक फेरी... पत्रावळ रिकामी.

आणि गाडी मागून दबली. कुणी सीटवर बसल्यावर दबते तशी.

व्यंकटनं नजर समोरच ठेवली. मागं बघायचं नाही. कोण आहे, विचारायचं नाही.

तेवढ्यात समोर फट दिसली! पलीकडे गावचे दिवे. खिशात फोन वाजला. त्यानं न बोलता कानाला लावला. आई होती.

"व्यंकट, ताप उतरला बघ! पोरगी भाकर मागायली. ये लवकर."

आनंदानं त्याला रडूच आलं.

मग लक्षात आलं... जे पोरीला सोडून निघालं, ते आता आपल्या मागं बसलंय. घरी जायचं, तर त्याला घेऊनच.

त्यानं गाडी पुन्हा गोलात घातली.

सकाळी कामावरचा वॉचमन शिवमूर्ती याला तो दिसला. पेट्रोल संपलेल्या गाडीचं हँडल धरून बसलेला.

व्यंकट घरी आलाच नाही. तिकडं इस्लापूरला वीटभट्टीवर काम धरलं, खोलीत एकटाच राहतो. इकडं तनुजा ठणठणीत आहे. नवा पूल झालाय, गाड्या सुसाट जातात.

गेल्या महिन्यात तनुजा फोनवर लई रडली. "पप्पा, एकदाच या ना."

बापाचं काळीज. वाटलं, एवढ्या दिवसांत गेलं असेल. एसटीत बसला. कंडक्टरनं हातात दोन तिकिटं ठेवली.

"मी एकटाच हाय."

"अन् ती मागल्या शीटवरची म्हातारी? तिकीट तुमच्याकडं म्हणली. गाव बी तुमचंच सांगितलं."

व्यंकट पुढच्याच थांब्यावर उतरला.

तनुजा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दारात बसून होती. पप्पांची गाडी चुकली, असं आम्ही तिला सांगितलं. व्यंकटनं घरी यावं, असं आता आमच्यापैकी कुणालाच मनापासून म्हणता येत नाही.