अर्धी हाक

तागाच्या काड्या मागायला मी ध्रुबच्या झोपडीवर गेले, तिथून हे सुरू झालं. ध्रुब माझा चुलत दीर. दिवाळीच्या अमावास्येला दिवेलागणीच्या वेळी आमच्याकडे काड्यांची जुडी पेटवून आभाळाकडे धरतात आणि घरातल्या गेलेल्यांना बोलावतात, अंधारातून या म्हणून. जुडी विझायच्या आत त्यांना सांगायचं असतं की उजेडात परत जा. एका दमात, दोन्ही. हे आमच्या लेकरांनाही कळतं.

त्या वर्षी वादळाला नऊ दिवस झाले होते. समुद्र आमच्या एरसमा भागातल्या शेतांवरून चालत येऊन गेला होता. कुजलेल्या भाताचा आणि फवारलेल्या पावडरीचा वास नाकातून हलत नव्हता. गेलेली माणसं इतकी, की काड्या पुरेनात. ध्रुबने ओलसर सात-आठ काढून दिल्या आणि विचारलं, थोरल्या दादाला आणि तुमच्या पोराला बोलावणार ना? म्हटलं, त्यांनाही, आणि तिलाही.

ती कोण, ते सांगते. मी देव मानणारी नव्हते. जगन्नाथाला पंजेच नाहीत, तो बुडत्याला काय धरणार, असं मी रथयात्रेच्या दिवशीसुद्धा बोलायची. सासू कान झाकून घ्यायची. पाणी आलं तेव्हा माझा उजवा हात नवऱ्याने धरला होता, डावा मुलाने. दोन्ही सुटले. मग बाभळीच्या फांद्यांतून कुणीतरी माझं मनगट पकडलं. बाईचा हात. गार. पाणी उतरेपर्यंत तो ढिला पडला नाही. उजाडल्यावर पाहिलं, वर काट्यांत एक अनोळखी बाई अडकलेली. तिची बोटं सोडवायला दोन माणसं लागली. त्यातला एक म्हणाला, ही तर पहिल्याच लाटेत गेलेली दिसते... आणि त्याने हात मागे घेतला. मी चिखलात डोकं टेकलं. म्हटलं, देवा, तुला पंजे नाहीत, म्हणून दुसऱ्याचा हात पाठवलास. त्याआधी मी कुणाचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

ध्रुबला हे आवडलं नाही. "वहिनी, पाहुण्याला बोलवायचं तर निदान नाव तरी ठाऊक हवं."

"नाव ठाऊक असलेल्यांचे हात सुटले, भावजी."

तो माझ्या मागोमाग अंगणात आला एवढंच.

अंगण कसलं, ताडपत्रीपुढचा चिखल. आत माझी सून झुनू पडली होती. शाळेच्या गच्चीवर होती म्हणून वाचली. आठवा महिना संपत आलेला. माझं सगळं गेलं होतं. तिच्या पोटातलं तेवढं जिवंत हातात यावं, याखेरीज मला काही नको होतं.

काड्या धुमसल्या, मग कशाबशा पेटल्या. मी नवऱ्याला बोलावलं, मुलाला बोलावलं. मग म्हटलं, जिने मला धरलं ती, तूही ये. अंधारातून ये. वारा नव्हता, तरी ज्योत आडवी झाली. तेवढ्यात आत झुनू किंचाळली. मी जुडी टाकून पळाले. ती चिखलात चर्र करून विझली. मागून ध्रुब म्हणत होता, "वहिनी... आधी पुरं म्हणा... वहिनी..."

सुईण वाहून गेली होती, रस्ता राहिला नव्हता. कंदिलाच्या उजेडात मीच बसले. मूल पायाळू निघालं. किती वेळ गेला कळलं नाही. झुनूचा आवाज बसला होता. ती हळूच म्हणाली,

"आई... माझं मनगट जरा सैल धरा... दुखतंय."

माझे दोन्ही हात मुलावर होते.

मी मान वर केली नाही. मुलगी बाहेर आली ती निळी, निपचित. ताडपत्रीत गाळाचा वास दाटला आणि माझ्या कानाजवळून कुणीतरी खाली वाकावं तसा गारवा गेला. मुलगी रडली. मी रडत रडत हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ध्रुब कुठून तरी कोरड्या काड्या घेऊन आला. निरोप द्या, म्हणाला. मी जुडी पेटवली, वर धरली. उजेडात, एवढंच तोंडातून निघालं आणि आतून झुनू ओरडली, आई, ही श्वास घेत नाही. मी जुडी डबक्यात फेकली. पोरीने श्वास घेतला.

ध्रुबने सारं पाहिलं होतं. पुन्हा त्याने काड्या आणल्या नाहीत.

आम्ही तिला कुनी म्हणतो. दर वर्षी त्या अमावास्येला सगळं गाव आपापल्या माणसांना परत पाठवतं तेव्हा मी कुनीला आत घेऊन कडी लावते. लहानपणी ती झोपेतून उठून दाराशी जायची. मोठी झाल्यावर हसायची, "आजी, मला कोण नेतंय? नेलं तर माझ्या बडबडीने तासाभरात परत आणून सोडतील." मीही हसायची. रोज सकाळी देवापुढे हात जोडते, डोळे मिटून, मनापासून. पण निरोप देत नाही. मला लबाड म्हणा.

यंदा कुनीला अठरावं लागलं. झुनू शेजारी गेली होती. बाहेर जुड्या पेटल्या, हाका सुरू झाल्या. कुनी हसली नाही. कडी लावलेल्या दाराकडे तोंड करून ती उभी राहिली. फटीतून येणारा उजेड तिच्या पायांवर पडत होता.

"निशा," ती म्हणाली.

मला नावाने हाक मारणारं माझ्या वयाचं आता कुणी उरलेलं नाही.

"निशा... खूप वर्षं झाली. आता जाऊ का?"

आवाज दमलेला होता. नाही म्हणायची हिंमत नव्हती, हो म्हणायची तर मुळीच नव्हती. बाईमाणूस दारात उभं असताना तोंडून जे निघतं, तेच निघालं.

"जेवून जा."

ती वळली. पाटावर बसली. मी भात वाढला, डाळ वाढली. कडेला मीठ वाढायला गेले तर तिने ताटावर हात आडवा धरला.

"मीठ नको," ती म्हणाली. "त्या लाटेतच पोटभर झालंय."