सहा फोनांचा माणूस

इशारा रेवानं वाचला होता. वाचला नव्हता असं ती जगाला सांगू शकली असती, पण स्वतःला कसं सांगणार?

'थांबा. फोनची नवी सिस्टिम आम्ही अजून तपासलेली नाही. अपडेट केल्यास धोक्याची घंटा न वाजण्याची शक्यता आहे.' ॲपच्या तळाशी, बारीक करड्या अक्षरांत. रेवा तेव्हा टी. नगरच्या दुकानात पाच वर्षांच्या निधीसाठी रेशमी परकर निवडत होती. एका हातात मोरपंखी, दुसऱ्या हातात डाळिंबी, आणि फोन सकाळपासून मागे लागलेला — अपडेट करा, अपडेट करा. कर बाबा एकदाचं, म्हणून तिनं अंगठा टेकवला.

निधीला चौथ्या वर्षापासून मधुमेह. तिच्या दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली असते. ती साखर मोजते आणि आकडा आईच्या फोनवर पाठवते. साखर घसरली की फोन किंचाळतो. त्या दुपारी तो किंचाळला नाही. घरमालकीण राजसबाईंच्या झोपाळ्यावर झोपलेली पोर घामानं चिंब झाली, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. म्हातारीला काय सुचलं कोण जाणे, तिनं बोटानं हिरड्यांना मध चोळला. म्हणून निभावलं.

ॲप पुढे दुरुस्त झालं. रेवा झाली नाही.

चौदा महिने ती रोज सकाळी दूध तापवता तापवता 'नंतर आठवण करा' दाबत होती. अपडेटवर तिचा विश्वास नव्हता. खरं तर कशावरच उरला नव्हता — शाळेच्या डब्यावर नाही, बसच्या वेळेवर नाही, आणि पुरुषांवर तर मुळीच नाही. निधीचा बाबा म्हणायचा, "तुझा फोन किंचाळतो आणि माझी झोप मोडते." घटस्फोटानंतर त्याची झोप आता पुण्यात सुखरूप होती. रेवा गिंडीत राहायची आणि तासभर बसनं ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात जायची. दिवसभर लेक आणि ती यांच्यामध्ये होता तो फक्त हा फोन.

आणि आता नवीनच संदेश आला होता. 'पंधरा जूननंतर हे ॲप जुन्या सिस्टिमवर चालणार नाही.'

अपडेट करावं तर घंटेची खात्री नाही, न करावं तर घंटाच नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

म्हणून त्या शनिवारी ती निधीचा हात धरून फोन दुरुस्तीच्या केंद्रात उभी होती. काउंटरवरची मुलगी पाचव्यांदा तमिळमध्ये तेच म्हणाली, "अपडेट पण्णिडुंग, मॅडम. प्रॉब्लेम इल्ल."

"प्रॉब्लेम नाही म्हणे," रेवा मराठीत पुटपुटली. "हिची स्वतःची पोर असती म्हणजे कळलं असतं. करून टाका म्हणे!"

"करूं नका," मागून आवाज आला. "आज तरी करूं नका."

रेवा गर्रकन वळली. बाकावर एक उंच, सावळा माणूस बसला होता. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. हातात एक फोन, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत...

"आई," निधी मोठ्यानं म्हणाली, "या काकांकडे सहा फोन आहेत!"

रेवानं पर्स छातीशी धरली. सहा फोन असणारा माणूस एक तर चोर, नाही तर सहा बायकांचा नवरा.

"चोर नव्हे मी," तो हसून म्हणाला, जणू तिच्या कपाळावर लिहिलेलं वाचत होता. "हेंच माझें काम. गिंडीस ऑफिस आहे. फोनची नवी सिस्टिम आली कीं साखरेचें ॲप चालतें कीं नाहीं, तें आम्ही पाहतों."

"आणि ही मराठी कुठली?"

"तंजावरची. तीनशें वर्षें जुनी आहे, म्हणून थोडी कुरकुरते." तो उठून उभा राहिला. "वेंकोबा. ऑफिसांत वेंकी म्हणतात, तें मज आवडत नाहीं."

"तो इशारा..." रेवाचा आवाज एकदम धारदार झाला. "ती बारीक अक्षरं तुमच्याच ऑफिसची?"

"मींच लिहिलेलीं." त्याचं हसू मावळलं. "मोठीं लाल करा म्हणालों होतों. लोक घाबरतील म्हणाले."

"घाबरायलाच हवं होतं आम्ही!"

"होय," तो हळू म्हणाला. "हवें होतें."

भांडायची सगळी तयारी झालेली, आणि समोरच्यानं हो म्हणून टाकलं! तिनं नुसतंच त्याच्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं असं वाटून नजर फिरवली.

ठरलं ते असं. रेवानं आपला फोन जसा आहे तसाच ठेवायचा. निधीचे आकडे वेंकोबाच्या नवी सिस्टिम टाकलेल्या पाच फोनांवरही जोडायचे. घंटेची मर्यादा मुद्दाम वर चढवायची, म्हणजे साखर चांगली असतानाही घंटा वाजेल, आणि कुठला फोन गप्प बसतो ते कळेल. हे सगळं शनिवारी-रविवारी दुपारी, रेवाच्या घरी, राजसबाईंच्या नजरेखाली.

"नजर ठेवा हं," रेवानं बजावलं.

"डोळे काढून ठेवतें त्याजवर," राजसबाई म्हणाल्या. त्याही तंजावरच्याच. पण पहिल्याच दिवशी वेंकोबानं त्यांच्या हातचा म्हैसूरपाक "नको" म्हटला, आणि त्या फुरंगटल्या. "गोड न खाणारा पुरुष मनांत कांहीं लपवितो, मुली. आणि एवढ्या उन्हांत पूर्ण बाह्या? गोंदवून घेतलें असेल कुणा बाईचें नांव."

रेवा हसली. पण तो किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

घंटा मात्र वाजत होत्या. पाचही फोन एकदम कोकलले की निधी टाळ्या पिटायची आणि वेंकोबा वहीत खूण करायचा. मग कॉफी. तो बिनसाखरेची प्यायचा, पितळी वाटीत गार करत करत.

"गोडाशी काय वाकडं आहे हो तुमचं?"

"समोर आहे तेवढें पुरतें."

"असली वाक्यं किती जणींना म्हणून झाली आहेत?"

"सहा फोन आहेत ना. प्रत्येकीस एक."

"सहा? टेबलावर तर पाचच असतात." रेवानं भुवई उंचावली. "सहावा सदा खिशात. तो वाजला की तुम्ही जिन्यात जाता. कोण आहे ती?"

वेंकोबाच्या बोटांतली वाटी क्षणभर थांबली. "आहे एक," तो म्हणाला. "लहानपणापासूनची. बहुत मत्सरी. सोडीत नाहीं."

थट्टेत म्हणाला की खरं? रेवाला कळेना. खिडकीतून समुद्रावरचा संध्याकाळचा वारा आला, तिच्या केसातल्या मोगऱ्याचा वास खोलीभर पसरला, आणि त्यानं डोळे मिटून तो घेतला हे तिनं पाहिलं. तिनं मोगरा उगाचच सारखा केला. आणि लगेच मागून दुसरं मन — सावध रहा, रेवा. याच्या खिशात काहीतरी आहे.

तेरा तारखेला शनिवार होता. उरले दोन दिवस. आज खरी परीक्षा. मर्यादा पुन्हा नेहमीसारखी, आता वाजली तर खरंच वाजणार. रेवानं सकाळीच फोन केला, "लवकर या, माझा जीव थाऱ्यावर नाही." तो जेवायच्या वेळेलाच आला, धापा टाकत, आणि पिशवीतून फोन काढून मांडले. नंतर खिशातलाही काढला. घाईत.

निधी चित्र रंगवत बसली होती. दहा मिनिटं गेली असतील. आणि एक घंटा वाजली.

तीच ती. काळजात सुई घालणारी. रेवानं झेप घेतली, निधीचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. एकशे बारा. उत्तम. तिचा स्वतःचा जुना फोनही एकशे दहा दाखवत होता, शांत. निधी नवलानं बघत होती, "आई, मला काही नाही झालं."

"खोटी घंटा," रेवा म्हणाली. "काहीही नसताना वाजतो तुमचा फोन! मग खरं झाल्यावर वाजेल कशावरून? तीन आठवडे मला... मला वाटलं होतं..."

"तें... निधीचें नव्हे," वेंकोबा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मग कुणाचं?"

तो नुसता बघत राहिला, एखादा शब्द शोधत असल्यासारखा.

"तिचं? त्या लहानपणच्या मैत्रिणीचं?" रेवाचा आवाज चिरकला. "घ्या तुमचे फोन आणि जा. मी विश्वास टाकला हीच माझी चूक."

त्यानं मुकाट्यानं फोन गोळा केले. एक हातातून निसटला, तो पुन्हा उचलला. चपला घालताना दाराची चौकट धरली. आणि गेला.

रेवा भिंतीला टेकून उभी राहिली. रडायचं नाही. निधीसमोर नाही...

तेवढ्यात घंटा पुन्हा वाजली. चित्रकलेच्या वहीखालून.

एक फोन राहिला होता. सहावा. रेवानं तो उचलला. आकडा होता चोपन्न, बाण सरळ खाली. आणि वर नाव होतं — निधीचं नाही. वेंकोबाचं.

पूर्ण बाह्या. बिनसाखरेची कॉफी. जिन्यात जाणं. शेजारच्या खोलीतून आपल्या पोरीचा घाम ओळखणारी बाई ती, आणि हातभर अंतरावरचा हा घाम तिला दिसू नये? तिची नजर बाई शोधण्यात गुंतली होती!

निधीच्या खाऊच्या डब्यातला आंब्याच्या रसाचा खोका घेऊन ती धावली. दोन मजले खाली, शेवटच्या पायरीवर तो बसला होता. हातात ग्लुकोजची पुडी, आणि बोटांना ती फाडता येत नव्हती.

"रेवा... तुम्ही वर जा..."

"तू गप्प बस. आधी पी." तिनं नळी टोचून त्याच्या ओठांशी धरली. "सगळा. थेंब ठेवायचा नाही. इन्सुलिन घेतलंस आणि जेवला नाहीस ना?"

त्यानं मान हलवली. "तुम्ही लवकर बोलावलें..."

"म्हणून जेवण सोडायचं? मूर्ख आहेस का?" ती त्याच्या शेजारी बसली, मनगट घट्ट धरून. "पंधरा मिनिटं हलायचं नाही."

राजसबाई तळमजल्यावरच्या आपल्या दारातून डोकावल्या, दोघांना पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन ताकभात कालवू लागल्या. पायऱ्यांवर ऊन पसरलं होतं. हळूहळू त्याच्या हाताची थरथर थांबली. रेवानं हात सोडला नाही.

"का नाही सांगितलं?"

"नवव्या वर्षापासून आहे," तो म्हणाला. "ज्यांस सांगितलें, ते मजकडे दवाखान्यांत पाहतात तसें पाहूं लागले. तुम्ही संशयानें पाहत होतां. तें बरें वाटे." जरा थांबून, "आणि भीति होती. मज पाहून तुम्हांस निधीचें पुढलें आयुष्य दिसेल."

रेवानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली, "दिसलं. उंच आहे, नोकरी करतं, वेड्यासारखं हसतं. जेवण तेवढं चुकवतं." तिचे डोळे भरून आले होते. "तुझी घंटा वाजते तेव्हा ऐकतं कोण?"

"मीच. एकटाच राहतों."

"आणि तू शुद्धीत नसलास तर?"

दोन वर्षं हजारो फोन तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या ॲपमधली एक जागा कोरीच ठेवली होती — 'घंटा आणखी कुणाला पाठवायची?'

"माझं नाव घाल तिथे."

"तुमच्या फोनवर तें चालणार नाहीं," तो पुटपुटला. "सिस्टिम जुनी आहे."

रेवानं फोन काढला. अपडेटची सूचना तिथेच होती, चौदा महिन्यांची चिवट. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पाचही वाजले होते ना? दर वेळी?"

"दर वेळीं. वही दाखवूं?"

"दाखव. सगळी पानं." तिनं खरंच सगळी पानं तपासली, खूण न् खूण. मग डोळे मिटले आणि अंगठा टेकवला.

फोन काळा झाला. त्या काळ्या वीस मिनिटांत दोघं एकाच पायरीवर बसून राहिली आणि निधीचे आकडे त्याच्या फोनवर बघत राहिली.

"तुम्ही मज 'तू' म्हणालां," तो हळूच म्हणाला.

"म्हणाले. मग?"

"मग कांहीं नाहीं. आणीक एकदां म्हणा."

"तू ना..." ती म्हणू लागली, तोवर त्यानं तिची बोटं आपल्या बोटांत गुंफली होती.

आता ओरगडमच्या मीटिंगांत रेवाचा फोन दोन माणसांसाठी वाजतो, आणि ती दोघांनाही सारखीच ओरडते. तिचा संशय काही गेलेला नाही. वेंकोबा "जेवलों" म्हणाला की ती ताटाचा फोटो मागते.

तुमच्याही ओळखीचं असेल असं कुणीतरी. परगावी खोली घेऊन एकटं राहणारं, विचारलं की "मी मजेत" म्हणणारं. हे वाचून झालं की त्यांना एक फोन लावा. जेवलास का, विचारा. आणि "हो" आलं तर लगेच विश्वास ठेवू नका. काय जेवलास, तेही विचारा.