हाफ टाइमची घंटा

त्या शनिवारी मी माझ्या भावाला घरी आणायला निघाले होते. डिकीत रिकामे खोके होते, मागच्या सीटवर त्याच्यासाठी घेतलेली नवी उशी होती आणि मनात भांडणाची सगळी तयारी होती. क्लिफर्ड चौऱ्याहत्तर वर्षांचा. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाबद्दल काय सांगितलं ते त्याने माझ्यापासून लपवलं होतं. मला ते त्याच्या सुजलेल्या पायांवरून कळलं. त्याचा पब, टॅनर्स, महिनाअखेरीस कायमचा बंद व्हायचा होता. समुद्राकाठच्या माझ्या बंगलीत एक खोली रिकामी होती, आणि नवरा गेल्यापासून ती मला खायला उठायची. मला भाऊ हवा होता, जिवंत आणि माझ्या घरात. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

फुटबॉल क्लबचं मैदान मिल लेनच्या टोकाला होतं तेव्हा त्या एका गल्लीत पाच पब होते आणि पाचही चालायचे. मॅचच्या दिवशी क्लिफ सकाळीच गालिचा गुंडाळून तळघरात टाकायचा, खुर्च्या हलवायचा, भिंतीवरच्या तसबिरी उतरवायचा. दुपारी एकनंतर अशी गर्दी, की हात वर करून आत शिरलेल्या माणसाला तो खाली घ्यायला जागा नसायची. तीनची मॅच गाठायला पावणेतीनला सगळे एकदम बाहेर. मग क्लब मोटरवेजवळच्या नव्या मैदानावर गेला. तिथे गाड्या लावायला ऐसपैस जागा आणि स्टँडखालीच बिअर; मिल लेनला कोण येतंय? एका पबात फरशांचं दुकान निघालं, एकात दातांचा दवाखाना, एकाला आग लागली, चौथ्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. जुन्या मैदानावर घरं बांधायला घेतली आणि बांधणारा बुडाला. नऊ वर्षं तिथे अर्ध्या भिंती उभ्या आहेत. टॅनर्स तेवढा उरला, कारण माझा भाऊ पहिल्यापासून हट्टी.

मी पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. दोन म्हातारे शब्दकोडं सोडवत होते, तेही थोड्या वेळाने गेले. मी भांडायला तोंड उघडलं, तर क्लिफ म्हणाला की तो येणार आहे. आजच येणार आहे, फक्त एक काम उरकायचं आहे. मला इतकं बरं वाटलं की मी कोट काढून बसलेच.

साडेतीनला त्याने बारवर स्वच्छ टॉवेल अंथरले आणि काचेचे ग्लास मांडले. सोळा. मग सावकाश, एकेक करून, ते बिअरने भरायला लागला. मी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. वाया जाणारं काही मला बघवत नाही. मी विचारलं, गिऱ्हाईक कुठे आहे?

तो म्हणाला, "हाफ टाइमला येतील."

ही जुनी रीत मलाही ठाऊक होती. हाफ टाइमला फाटकावरचा माणूस ओळखीच्यांना बाहेर सोडायचा. दहा मिनिटांत रांग लावून पिणं जमणार कसं, म्हणून क्लिफ त्यांचे ग्लास आधीच भरून ठेवायचा. चारला पाच कमी असताना तो बारवरची पितळी घंटा वाजवायचा. घंटा होईपर्यंत कुणी हलत नसे, आणि घंटा झाल्यावर कुणी थांबत नसे. त्यांतले बरेच जण पुढे वारले. आमच्याकडे पुष्कळांची तशी इच्छा असायची, म्हणून त्यांची राख गोलच्या मागच्या गवतात टाकली. क्लब गेला तेव्हा त्याने खुर्च्या नेल्या, दिव्यांचे खांब नेले. राख कोण नेणार?

"त्यांना क्लब हलल्याचं कुणी सांगितलंच नाही, एव्ही," क्लिफ फेस निथळू देत म्हणाला. "त्याआधीच गेले ना ते. त्यांना हीच वाट माहीत."

"मग तू सांगायचंस. दारावर पाटी लावायचीस."

"खुशीत येतात ग. तोंडावर कसं सांगू?" त्याने पुढचा ग्लास नळाखाली धरला. "आज सांगणार आहे. मग जाऊ आपण."

एकटेपणाने माणसाचं डोकं फिरतं, हे मला शिकवायला नको. मी गाडीची चावी बोटाभोवती फिरवत राहिले.

पावणेचारला दार उघडलं. बाहेर वारा नव्हता. स्प्रिंगचं दार आत आलं, मागे गेलं, परत आत आलं. ओल्या लोकरी कोटांचा वास आला, पाइपच्या तंबाखूचा आला, आणि त्यांच्या खालून तुडवलेल्या गवताचा. खोली गार पडली. मग पहिल्या ग्लासातली बिअर बोटभर खाली गेली. मग तिसऱ्यातली. आतल्या काचेवर फेसाचं वर्तुळ राहिलं. क्लिफ टॉवेलने हात पुसत रिकाम्या हवेशी बोलत होता. हॅरल्ड नावाच्या कुणाला म्हणाला, तुमचा गोलकीपर आज झोपूनच आलाय का... कुणाच्या तरी उत्तराला हसलाही.

चारला पाच कमी असताना त्याने घसा खाकरला. "मंडळी, एक सांगायचं होतं..." म्हणत हात घंटेच्या दोरीकडे नेला. तो हात तिथपर्यंत पोचलाच नाही. क्लिफ बारच्या मागे हळूहळू खाली बसला.

रुग्णवाहिका आठ मिनिटांत आली. मी दाराला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर गेले. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का ते आठवावं, तसं मला वाटेत आठवलं की घंटा वाजली नाही.

तीन आठवडे तो हॉस्पिटलात पडून होता. बरा होईना, खालावेना. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. असं हृदय पहिल्याच रात्री थांबायला हवं होतं, म्हणाल्या. डोळे मिटलेले, पण ओठ हलायचे, घोळक्यात उभं राहून गप्पा मारल्यासारखे. एके दिवशी नर्सने मला बाजूला घेतलं. "खरं सांगा, तुम्ही ह्यांना चोरून बिअर पाजता का?" मी वाकून पाहिलं. त्याच्या श्वासाला ताज्या बिअरचा वास होता.

त्याच संध्याकाळी त्याने डोळे उघडले.

"एव्ही... घंटा नाही झाली."

"तू स्वस्थ पड."

"किती वेळ बसायचं, विचारतायत... आता त्यांना बसवत नाही ग..."

मला सगळं कळलं. शरीर इथे होतं, पण भाऊ माझा तिथे त्यांच्यात बसला होता. घंटा झाली की ते उठणार आणि त्यांच्याबरोबर हाही जाणार. म्हणून मी ती वाजवली नाही. सोळा माणसं आत कोंडली, घरी जाऊन सूप गरम केलं, प्यायले आणि झोपले. खरं सांगते, मला लाज वाटली नाही.

मग पत्र आलं. गुरुवारी टॅनर्स पाडणार होते. मी क्लिफला सांगितलं नव्हतं, तरी त्या दुपारी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. "आत माणसं आहेत," एवढंच तो म्हणत राहिला. बुधवारी मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्याचा निरोप घेतला आणि मिल लेनला गेले.

तीन आठवडे बंद असलेली जागा गार असायला हवी. ती उबदार होती, कोंदट होती, आणि खिडक्यांच्या काचांवर आतून वाफ धरली होती. सोळाही ग्लास कोरडे होते. दिसत कुणीच नव्हतं. पण बारपर्यंत जाताना मी अंग चोरून, आडवी होऊन चालत होते, हे निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं. तरी सरळ चालायचं धाडस झालं नाही.

घड्याळात चारला पाच कमी झाले.

"उशीर झाला, मंडळी," मी म्हणाले. "माफ करा." आणि दोरी ओढली.

दार बाहेर गेलं, मागे आलं. मी बोटांवर मोजत होते. दहा... चौदा... सोळा. सतराव्यासाठी मी श्वास रोखून धरला. दार थरथरलं आणि स्थिर झालं. खोली बघता बघता थंड पडली. सोळा आले होते, सोळा गेले. माझा भाऊ त्यांच्यात गेला नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

हॉस्पिटलात पोचले तर तो उशीला टेकून तांदळाचं पुडिंग खात होता. चारच्या सुमारास आपणहून उठून बसला, असं नर्स म्हणाली. त्याने माझ्याकडे बघून स्मित केलं. मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना.

आता चार महिने तो माझ्याकडे आहे. चेहऱ्यावर रंग आलाय, वाढलेलं सगळं संपवतो. आपली बशी आपण विसळतो, जे क्लिफने जन्मात कधी केलं नाही. आईवडिलांचा फोटो दाखवला, तर दुसऱ्याच्या घरातला फोटो बघावा तसा सभ्यपणे बघितला, छान आहे म्हणाला. लांबलेल्या आजारात आठवण जाते, येईल हळूहळू, असं डॉक्टरबाई म्हणतात. मी मान डोलावते. दार सोळा वेळा उघडलं हे मी नीट मोजलं होतं. त्या सोळांत कोण कोण गेलं आणि कोण मागे राहिलं, हे मला दिसलं नव्हतं.

गेल्या शनिवारी दुपारी चहा करताना माझ्या हातून पितळी झाकण फरशीवर पडलं. टण्णकन आवाज झाला. तो ताडकन उठला, ग्लास असावा तसा कप घाईने टेबलावर ठेवला आणि दाराकडे दोन पावलं गेला. मग थांबला. माझ्या भावाच्या तोंडाने, पण अगदी हळू, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाला,

"बाई... अजून जरा बसू द्या ना. बाहेर फार गार असतं."

मी झाकण उचललं, आणि त्याला दुसरा कप भरून दिला.