लाल डबीतला प्लग

बसा असे जवळ. मोबाईल पालथे ठेवा, डोळ्यांत उजेड येतो. हे माझ्यावर गुदरलेलं नाही. पण ज्याच्यावर गुदरलं तो माझ्यासमोर बसून बोललाय, म्हणून सांगतो.

व्यायामाची मशीनं दुरुस्त करणारा माझा एक मित्र आहे. चालायच्या मशीनचा पट्टा बदलावा तर त्यानंच, म्हणून आम्ही त्याला पट्टेवाला म्हणतो. नवख्याला वाटतं, हा साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसत असेल.

तर गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. त्याला एका काकूंचा फोन आला. "मिस्त्री, आमच्या घरातलं चालायचं मशीन घेऊन जा. विका, मोडीत घाला, काय वाट्टेल ते करा."

हा संध्याकाळी पोचला. रस्त्याच्या टोकाला बैठं घर. काकू एकट्याच, नवरा जाऊन थोडेच दिवस झालेले. नेमकं टेम्पोवाल्यानं ऐनवेळी हात वर केले, म्हणाला सकाळी येतो. काकू म्हणाल्या, "मग राहा इथंच, बाहेरच्या खोलीत. मलाही तेवढीच सोबत."

मशीन बाहेरच्या खोलीतच होतं, भिंतीला लागून. हा वायर गुंडाळायला गेला, तर टोकाला मुठीएवढी लाल डबी. प्लग आत, डबीला कुलूप. पिनाच झाकलेल्या, तर बोर्डात खुपसणार काय?

"हे कुणी लावलं, काकू?"

"मीच." काकू खुर्चीत बसल्या. "आमचे हे पोस्टमन. उभा जन्म पायी टपाल वाटलं. रिटायर झाले तरी पाय घरात ठरेनात, म्हणून मुलानं हे मशीन पाठवलं. मग छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, मशीनवर अजिबात चढायचं नाही. पण ऐकतील तर शपथ! माझा डोळा लागला की हे वर. एकदा तोंडघशी पडले. मग मी ही डबी आणून लावली, आणि किल्ली दिली नाल्यात फेकून."

"बरोबरच केलंत."

"रोज मागं लागायचे. 'अगं, पाचच मिनिटं.' मी बधले नाही. याच खुर्चीत गेले. पण पाय... पाय शेवटपर्यंत हलत होते." त्या थांबल्या. "मिस्त्री, मी त्यांचा जीव वाचवायलाच गेले ना? मग मला झोप का लागत नाही?"

पट्टेवाल्यानं गुंडाळलेली वायर खाली ठेवली. "सकाळी वायर कापून टाकतो," एवढंच म्हणाला.

जेवणं झाली. काकू आत गेल्या. यानं बाहेरच्या दाराला कडी घातली, दिवा मालवला, आडवा झाला. झोप कसली! मशीनकडे तोंड केलं की बघत राहावंसं वाटे. पाठ केली की पाठीशी कुणी उभं असल्यासारखं. उठला, पाणी प्याला. कडी चाचपली. डबी उचलून कुलूप ओढून पाहिलं. घट्ट. पुन्हा आडवा झाला. आत काकूंचीही चुळबुळ चाललेली. केव्हातरी त्याचा डोळा लागला.

थप... थप... थप...

जाग आली. अंधार. हलायची हिंमत होईना.

आतून हलकेच आवाज आला, "मिस्त्री... तुम्ही चालताय का?"

"नाही, काकू."

थप... थप...

"...मग?"

त्यानं टॉर्च लावला. पट्टा फिरत होता. वर कुणी नाही. पण पट्टा दबत होता. एकदा डावीकडे. एकदा उजवीकडे. प्लग फरशीवर. डबीत. कुलूप तसंच.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो..."

थप थप थप थप.

"अहो, पुरे आता. छातीत दुखेल."

वेग वाढला. मशीन घरघरायला लागलं. पट्टेवाल्यानं पक्कड उचलली आणि वायर तोडली. खट्!

पट्टा फिरतच राहिला.

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "बरं. जा. कुठं जायचं तिथं जा. मी नाही अडवत."

थप... थप......... थप.

पट्टा थांबला.

मग फरशीवर. पावलं. अनवाणी. याच्या अंथरुणाला वळसा घालून... दाराकडे. तिथं थांबली. काहीतरी खसखसलं. मग...

काही नाही.

उजाडलं तेव्हा काकू भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंडावर ऊन आलं तरी हलल्या नाहीत. दाराची कडी आतून जशीच्या तशी. रस्त्यावर टेम्पोनं हॉर्न दिला. पट्टेवाला बूट घालायला दाराशी गेला. रात्री आतच काढून ठेवलेले, नवेकोरे, आदल्याच दिवशी घेतलेले. जोडीनं, जागच्या जागी होते. त्यानं पाय घातला, आणि तळव्याला गार फरशी लागली.

बूट उलटे केले. दोन्ही तळ झिजून आरपार गेले होते.

मी ते हातात घेऊन पाहिलेत. वरचं चामडं कोरं करकरीत. आत दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून चिकटलेली.