बेटावरून परत येताना

बेटावर जायचंय ना? बसा. ओहोटीला अजून वेळ आहे. तोवर सांगतो ते नीट ऐका. मी दोनदा सांगत नाही.

पिण्याचं पाणी इथूनच न्या. तिथे विहीर नाही, टपरी नाही. पायात पट्ट्याच्या चपला घाला, खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी तळवे फाटतात. केवड्याच्या झाडीत हात घालू नका. मोबाइलची रेंज येते-जाते, तिच्या भरवशावर राहू नका. मी शिट्टी मारली की उतरायच्या खडकावर यायचं. तो खडक आणि झाडी यांच्यामध्ये एक घळ आहे. भरती लागली की आधी ती भरते. मग खडकावरचा माणूस ना पुढे, ना मागे. तासाभरात खडकही बुडतो.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण चिखल्याच्या किनाऱ्यावर पन्नास वर्षं होडी चालवतोय. माझ्या होडीतून गेलेला माणूस परत आला नाही, असं कधी झालेलं नाही.

हे सगळं मी त्या लोकांनाही सांगितलं होतं. गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. ठाण्याचे तिघे होते. रविंद्र, त्याची बायको निलम आणि बहीण शितल. माझा मुलगा भाविक मोबाइलवरून गिऱ्हाईक आणतो, त्यानेच आणलेले.

"काका, बेटावर भूतबीत आहे का?" शितलने हसत विचारलं.

"साप आहे. तेवढा पुरे."

"बाबा, जरा गोड बोला," भाविक माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "लोक एकच स्टार देऊन जातात."

"भरतीला द्या म्हणावं स्टार."

एकच्या सुमाराला त्यांना उतरवलं. फिरले, फोटो काढले, डबे खाल्ले. साडेतीनला वारा फिरला. बगळे एकदम उठले आणि केवड्याचा वास आला. दाट, डोक्यात चढणारा. केवडा पावसात फुलतो, दिवाळीनंतर नाही. मला ते आवडलं नाही. मी लवकरच शिट्टी मारली.

आता एक समजून घ्या. आम्ही होडीतली माणसं तोंडाने मोजत नाही. मोजली की एक कमी होतं, असं मानतात. म्हणून मी हात मोजतो. होडी खडकाला लावली की नजर लाटेवर ठेवावी लागते. माणसाकडे बघत बसलात तर लाट होडी खडकावर आपटते. एका हाताने बांबू रेटायचा, दुसरा हात मागे करायचा. त्यात जो हात येईल तो ओढून आत घ्यायचा. तीन हात उतरवले तर तीन चढवायचे.

पहिला रविंद्रचा, घड्याळवाला. दुसरा शितलचा, अंगठ्या टोचल्या. तिसरा ओला होता. गार. बर्फातून काढलेल्या माशासारखा. वाटलं, बाई पाण्यात घसरली असेल. ओढली. जड होती. होडी मागून खाली बसली.

"चल," मी भाविकला म्हटलं. त्याने वाकून होडीच्या मध्यावरचं इंजिन सुरू केलं.

पाणी अंगावर उडत होतं. रविंद्र आणि शितल पुढे तोंड करून, डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते. अर्ध्या वाटेत रविंद्र वळला.

"निलम?"

मीही वळलो. मागची फळी रिकामी होती. फळीवर पाणी साचलं होतं.

"काका... निलम कुठंय?"

"चढली. मी हात दिला तिला."

"मग पडली का? काका... पडली का ती?"

"पडली असती तर होडी हलकी झाली असती," मी म्हणालो.

होडी हलकी झाली नव्हती.

भाविकने न विचारता होडी फिरवली. रविंद्र उठून उभा राहिला.

"खाली बस!"

"माझी बायको आहे ती!"

"म्हणूनच बस. होडी उलटली तर तिला आणणार कोण?"

घळ भरली होती. निलम खडकावर गुडघाभर पाण्यात उभी होती. या वेळी लाटेकडे बघितलं नाही, तिच्या तोंडाकडे बघितलं. होडी आपटली, एक फळी तडकली. तिचा हात धरला. ऊन होता. जिवंत माणसाचा.

तिने रविंद्रचा टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाली, "मी हाका मारत होते... इंजिन सुरू होतं. माझ्या पुढे ती होती ना, म्हणून मी थांबले. मला वाटलं, तुमच्याच घरातली..."

"कोण?"

"ती बाई. घळीतून वर आली. पाठमोरी होती. तुम्ही तिला हात दिलात... आणि होडी निघाली."

निलम नवऱ्याला चिकटून पुढेच बसली. मागच्या फळीवर कोणी गेलं नाही.

किनाऱ्यावर तिघे उतरले. भाविक त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. मी एकटा राहिलो. होडीला बाहेरून लाल पट्टा आहे. होडी रिकामी असली की तो पाण्याच्या दोन बोटं वर दिसतो. त्या संध्याकाळी तो पाण्याला टेकला होता.

ज्याला हात देऊन चढवलं, त्याला हात देऊन उतरवायचं. हा आमचा रिवाज. मी मागच्या फळीसमोर उभा राहिलो. "किनारा आला," म्हटलं. हात पुढे करायचा होता.

केला नाही. हिंमत झाली नाही. हे भाविकलाही सांगितलेलं नाही.

तो म्हणतो, लाकूड पाणी प्यायलंय. उन्हाळाभर होडी वाळूवर उलटी ठेवली, वाळवली, नवा रंग दिला. पावसाळा सरल्यावर पाण्यात सोडली. पट्टा पुन्हा पाण्याला टेकला. त्या दिवसापासून तोंड बघितल्याशिवाय मी कोणालाही हात दिलेला नाही. एकालाही नाही.

ती बघा, समोर नांगरलेली आहे. आत कोणी नाही. परवापासून आणखी दोन बोटं खाली गेलीय.