काचेवरची रांग

शनिवारी दुपारी दोन चाळीसला रोंडा स्टॅनेकने कॉमेट आर्केडमधल्या एका व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या काचेवर पाव डॉलरचं नाणं ठेवलं. तीन सव्वीसनंतर ती कुणालाही दिसलेली नाही.

मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. बकहॉर्न मॉल पाडायचा ठरला होता. त्याआधी एक दिवस त्यातलं हे आर्केड उघडावं आणि जुन्या पोरांना शेवटचं खेळू द्यावं, ही वॉल्ट कुचेरांची कल्पना. एकवीस वर्षं त्यांनी हे आर्केड चालवलं. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. अकरा यंत्रं त्यांनी स्वतः दुरुस्त केली होती.

मॉलमध्ये बाकी काही शिल्लक नव्हतं. दुकानांची शटरं खाली, कारंजं कोरडं, छतातून वितळलेलं बर्फ बादल्यांत टपकत होतं. आर्केडमध्ये मात्र ग्रह-ताऱ्यांचा तोच गालिचा, तापलेल्या तारांचा तोच वास. तीसेक माणसं आली होती, बहुतेक पन्नाशीपुढची. चष्मे वरखाली करत खेळत होती.

"गुडघे बदलून आलास ना रे? मग आता जिंकून दाखव!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

रोंडा हसली नाही. ती शाळेत माझ्या वर्गात होती. तिचा भाऊ डुएन सोळा वर्षांचा असताना, नोव्हेंबर १९८४मध्ये, इथूनच नाहीसा झाला. आईने तिला त्याला जेवायला बोलवायला पाठवलं होतं. डुएन म्हणाला, "एवढा एक गेम. कारंज्यापाशी थांब, आलोच." मॉल बंद होईपर्यंत ती थांबली.

तो ज्या यंत्रावर खेळत होता, ते हेच, ओळीतलं शेवटचं यंत्र. वरून दगड कोसळतात, त्यांतून एका चिमुकल्या खाणकामगाराला वर न्यायचं. प्रत्येक गेमला तीन जीव.

आमच्या वेळी यंत्रापुढे रांग माणसांची नसायची, नाण्यांची असायची. काचेच्या खालच्या कडेवर नाणी डावीकडून उजवीकडे लागायची; शेवटी आपलं ठेवलं की नंबर लागला. मग तुम्ही खुशाल पिझ्झा खाऊन या, तुमच्या नाण्याला कुणी हात लावायचं नाही.

रोंडाने नाणं ठेवलं तेव्हा तिथे आधीच तीन नाणी होती.

"कुणाची आहेत?" मी विचारलं.

वॉल्ट म्हणाले, "सकाळी मीच काच पुसली. तेव्हा काही नव्हतं."

रोंडाने वाकून पाहिलं. "तिसरं डुएनचं आहे. तो चाकूने ‘डी’ कोरायचा."

"रोंडा, अगं, चाळीस वर्षं झाली."

"मला गणित येतं, लेन." ती हळू म्हणाली, "त्याच्यानंतर माझा नंबर आहे. तो खेळेल तेव्हा मी शेजारी उभी राहीन, बस. या वेळी कारंज्यापाशी जाणार नाही."

मी बातमीदार आहे. ऐकलेलं तपासून घ्यायची सवय आहे. तिसरं नाणं उचललं. त्यावर ‘डी’ होता. साल १९७९. नाणं बर्फातून काढल्यासारखं गार होतं. वहीत साल लिहिलं आणि नाणं परत काचेवर ठेवलं.

दोन बावन्नला यंत्र सुरू झालं. समोर कुणीच नव्हतं. खेळायचा दांडा आपोआप डावी-उजवीकडे हलत होता. वॉल्टनी मागे जाऊन तारा तपासल्या. "बिघाड असेल," ते म्हणाले. गेम संपला तेव्हा पडद्यावर खेळणाऱ्याच्या नावाची तीन अक्षरं उमटली. ओळखीची नव्हती. काचेवर आता तीनच नाणी होती.

तीन सातला दुसरा गेम. पुन्हा तीन अक्षरं. पुन्हा एक नाणं कमी. दोन्ही वेळा मी वहीत लिहीत होतो. नाणं जाताना मी पाहिलेलं नाही.

काही जण कोट घेऊन निघाले.

वॉल्ट काचेकडे पाहत होते. डावीकडे रोंडाचं नाणं होतं. त्याच्या उजवीकडे ‘डी’ कोरलेलं.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "साल पाहत होतो. कडेला ठेवलं."

"रांग मोडलीस तू, लेन. दहा वर्षांच्या पोरालाही कळायचं हे."

मी नाण्यांच्या जागा बदलायला हात पुढे केला. तोवर काचेवर एकच नाणं उरलं होतं. ‘डी’चं.

यंत्र सुरू झालं.

"थांब, रोंडा," वॉल्ट म्हणाले.

तिने दांडा धरला होता. "राहू द्या, मिस्टर कुचेरा. मी नाही खेळले तर त्याचा नंबर येणार कसा?"

मी घड्याळ पाहिलं. तीन सव्वीस. वर पाहिलं.

तिची पर्स गालिच्यावर होती.

दांडा हलत होता.

पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या होत्या. गाडी पार्किंगमध्ये आहे. दारावरच्या कॅमेऱ्यांत ती आत येताना दिसते, बाहेर जाताना नाही. पोलिसांनी दोन दिवस मॉल पिंजून काढला. तपासामुळे पाडकाम थांबलं, पण बुधवारी मॉलची वीज तोडली. त्याआधी वॉल्टनी जनरेटर आणून यंत्राला जोडलं. एका पोलिसाने बटण बंद करायला हात घातला, तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं. "गेम संपवायचा नाही," एवढंच म्हणाले.

पहिला जीव रविवारी गेला, दुसरा गुरुवारी पहाटे. वॉल्ट खुर्ची टाकून तिथेच बसतात. दर अर्ध्या तासाला दांड्याची मूठ फडक्याने पुसतात. ती घामाने ओली होते. हात लावला तर कोमट लागते. मीही लावून पाहिला आहे.

आज, शुक्रवारी, दुपारी सव्वाचारला त्यांचा फोन आला.

"शेवटचा जीव चालू आहे," ते म्हणाले. "दांडा हलतोय. छान खेळतेय पोरगी."

त्यांना आणखी काही सांगायचं होतं.

"लेन, दुपारपासून मूठ कोरडी आहे. आणि गार."