अक्काची सही

"पेशंटची सही झाली, आता जवळच्या नातेवाइकाची," असं म्हणत डॉक्टरांनी कागद पुढे केला, तेजसनं खिशातून पेन काढलं, आणि खाटेवरच्या जीवरामनं लेकाचा हात धरून घोगऱ्या आवाजात सांगितलं, "तू नाही. अक्का करेल."

ताईबाईंच्या काळजात चर्र झालं! ज्या धाकट्या भावानं अकरा वर्षं आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी न्यायला मुराळी धाडला नाही, त्याच्या दुखण्याची खबर लागताच मानपान गुंडाळून, कुणी न बोलावता, त्या धुळ्याहून पहिल्या बसनं जळगावला आल्या होत्या. आणि आल्या आल्या हे काय वाढून ठेवलं होतं देवानं! दर आखाजीला शेजारणींचे भाऊ यायचे, पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या, आणि ही माउली साठी उलटली तरी उंबऱ्यात बसून रस्त्याकडे डोळे लावायची... माहेरची ओढ काय वय विचारून सुटते?

भांडण वडिलांवरून झालेलं. झुलालआबा अखेरच्या दुखण्यात "मला नळ्या लावू नका" म्हणाले, म्हणून जीवरामनं त्यांना दवाखान्यातून रावेरला घरी आणलं, आणि ते आठ दिवसांत गेले. भरल्या दारात, सगळ्या भाऊबंदांसमोर ताईबाई बोलून बसल्या की तूच आबाला मारलंस. त्यानंतर दोघंही हट्टाला पेटली. एका आईची लेकरं, कमी कोण पडणार!

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. अन्ननलिकेतली गाठ आता बरी होण्यातली नव्हती, घोटभर पाणीही उतरेना. दुर्बिणीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला तर पातळ काही गिळता येईल. पण बसवताना अन्ननलिका फाटू शकते, पुढे नळी सरकू शकते, रक्त सुटू शकतं, त्यात जीवही जाऊ शकतो. पोटातून नळी टाकली तर त्यातल्या त्यात जोखीम कमी, मात्र तोंडानं एक घास जायचा नाही. जीवरामनं स्टेंटच मागितला होता.

"पोटातून घालू दे रे बापा, चार दिवस जास्त दिसशील," ताईबाई काकुळतीला आल्या. त्यानं मान हलवली. तुझ्या हातचं खायचंय, म्हणाला.

"मग माझीच सही कशाला? सूड घेतोस का?"

"सूड नाही गं," जीवराम थांबत थांबत बोलू लागला. "आबाच्या वेळी मी ठरवलं, आणि तुझा एक शब्द अकरा वर्षं छातीत घेऊन फिरलो. मुराळी कोणत्या तोंडानं धाडू? उद्या मला काही झालं तर तेजसलाही कुणी असंच बोलेल. बोलण्यात तुझा नंबर पहिला. तूच सही केलीस म्हणजे माझं पोर सुटलं..."

ताईबाई रडता रडता हसल्या, आणि हसता हसता पुन्हा त्यांना हुंदका फुटला. इतकी वर्षं आपणच दुखावलो म्हणून कुढत बसल्या होत्या, आणि घाव तर त्यांनीच घातला होता! "माझं चुकलं, जीवा," एवढंच त्यांना म्हणता आलं. मग त्यांनी कागदावर आपलं नाव लिहिलं.

नळी नीट बसली. रावेरच्या घरी सतरा दिवस त्या भावाला चमच्याचमच्यानं मुगाचं पातळ वरण भरवत होत्या. तो भाकरीसाठी लहान पोरासारखा हट्ट करी आणि त्या नळी तुंबेल म्हणून दटावत. अकरा वर्षांचं बोलणं सतरा दिवसांत कुठलं संपायला... अठराव्या दिवशी सकाळी रक्ताची उलटी झाली, आणि गाडी जळगावला पोचायच्या आत जीवराम गेला.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांत चुलते उखर्डूनाना होते. पोटातून नळी टाकली असती तर माणूस अजून जगला असता, म्हणाले. मग त्यांनी तेजसकडे रोखून पाहिलं.

"कुणी ठरवलं हे?"

तेजसची मान खाली गेली. ताईबाई बायकांतून उठून पुढे आल्या.

"मी ठरवलं, नाना. सही माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला."

नाना बोलू लागले. ताईबाईंनी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "तू आत जा बाळा. कालपासून पोटात काही नाही तुझ्या, दोन घास खाऊन घे."